चाकाचा व्यास आणि वाहनाची चाल

चाक जमिनीवर न घसरता एक फेरा पूर्ण करते तेव्हा वाहन त्या चाकाच्या परिघाइतके पुढे सरकते, आणि परीघ हा व्यासाच्या सुमारे 3.14 पट असल्याने मोठे चाक एका फेऱ्यात लहान चाकापेक्षा जास्त अंतर कापते. यावरून मोठ्या चाकाचे वाहन आपोआपच वेगवान असते असा समज रूढ झाला आहे; परंतु हिंगोली जिल्ह्यातील डांबरी रस्त्यांवर, पांदणींत आणि लोहमार्गावर धावणारी वाहने तपासली, तर तो एकाच अटीवर खरा ठरतो. दर मिनिटाला पडणारे फेरे तेवढेच राहिले पाहिजेत, ही ती अट होय. आणि फेरे किती पडणार हे चाक ठरवत नाही, तर चाक फिरवणारी शक्ती आणि तिच्या वाटेत बसवलेली दातेरी चक्रे, म्हणजे गिअर, ठरवतात.

बैलगाडीच्या बाबतीत तर चाकाला फिरवणारी शक्तीच नसते, कारण ते ओढले जाते, आणि गाडीची चाल बैलांच्या चालीइतकीच, म्हणजे ताशी तीन-चार किलोमीटर राहते. तरीही जुन्या लाकडी गाड्यांना जवळपास दीड मीटर व्यासाची चाके बसवली जात, त्यामागे पक्का हिशेब होता. घर्षण होते ते तुंबा, म्हणजे चाकाचा मधला भाग, आणि आस यांच्यामध्ये, तर जमिनीचा रेटा लागतो तो चाकाच्या कडेला, लोखंडी धावेवर. त्यामुळे चाकाची त्रिज्या आसाच्या त्रिज्येच्या जितकी पट मोठी, तितक्या पटीने ते घर्षण बैलांना कमी जाणवते. अडथळा ओलांडतानाही हाच लाभ होतो. वाटेत 10 सेंटिमीटर उंचीचा दगड आला, तर दीड मीटर व्यासाच्या चाकाला त्यावर चढवण्यासाठी चाकावरील भाराच्या सुमारे 58 टक्के आडवी ओढ लागते, आणि त्याच्या निम्म्या व्यासाच्या, तितक्याच कडक चाकाला मात्र सुमारे 93 टक्के. पावसाळ्यात या भागातील काळी जमीन पाणी शोषून फुगते व चिकट होते. अशा जमिनीत मोठ्या चाकाचा टेकलेला भाग लांबट असल्याने भार अधिक जागेवर पसरतो आणि चाक कमी रुतते. वेग वाढवणे हे या चाकाचे काम नव्हतेच. बैलांची चाल मोडू न देणे हे त्याचे काम होते, आणि गावच्या सुताराने ते अचूक साधले होते. पुढे टायरगाडी आली तेव्हा बेअरिंगमुळे आसाचे घर्षण जवळजवळ नाहीसे झाले, हवा भरलेले टायर लहान खडे गिळू लागले, आणि लहान चाक परवडू लागले. खोल चिखलाच्या पांदणीत मात्र मोठ्या चाकाची उणीव आजही जाणवते.

मोठे चाक म्हणजे मोठा वेग हे समीकरण जिथे अक्षरशः लागू पडले, ते वाहन म्हणजे वाफेचे रेल्वे इंजिन. त्यात दट्ट्याची ये-जा एका दांड्याने थेट चाकाला जोडलेली असते आणि मध्ये गिअर नसतो, त्यामुळे दट्ट्याच्या एका ये-जेत चाकाचा एकच फेरा पडतो. दट्ट्या किती जलद हलवता येईल याला मर्यादा असल्याने वेग वाढवायचा तर चाकाचा व्यास वाढवणे हाच सरळ मार्ग उरतो. भारतातील मीटरगेज मार्गांवर, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेल्या मार्गांवर, स्वातंत्र्योत्तर काळात प्रवासी गाड्यांसाठी वायपी आणि मालगाड्यांसाठी वायजी ही इंजिने वापरात होती. पहिल्याच्या चालक चाकाचा व्यास 1372 मिलिमीटर, तर दुसऱ्याच्या चाकाचा 1219 मिलिमीटर होता. मिनिटाला 300 फेरे धरले तर वायपीचा वेग ताशी सुमारे 78 किलोमीटर येतो आणि वायजीचा सुमारे 69. ब्रॉडगेजवरील डब्ल्यूपी इंजिनाचे चाक 1705 मिलिमीटरचे होते, आणि तेवढ्याच फेऱ्यांत ते ताशी 96 किलोमीटर गाठू शकत असे. मालगाडीच्या इंजिनाला लहान चाक देण्याचे कारण असे की, तेवढ्याच पिळात, म्हणजे चाक फिरवणाऱ्या जोरात, लहान त्रिज्येच्या कडेवर ओढ जास्त मिळते. वेग आणि ओढ यांतील ही देवाणघेवाण टाळता येत नाही.

हिंगोली आणि वसमत या स्थानकांवरून जाणारा पूर्णा–अकोला मार्ग पूर्वी मीटरगेज होता आणि 2008 साली तो ब्रॉडगेज झाला. ब्रॉडगेजवरच्या आजच्या डिझेल इंजिनांत चाकाचा व्यास आणि वेग यांचे जुने नाते जवळपास तुटले आहे. मालवाहू डब्ल्यूडीजी-4 आणि प्रवासी डब्ल्यूडीपी-4 या दोन्ही इंजिनांची नवी चाके सारखीच, 1092 मिलिमीटर व्यासाची असतात. फरक असतो तो दात्यांत. मालवाहू इंजिनात गिअरचे प्रमाण 90 ला 17, तर प्रवासी इंजिनात 77 ला 17 असते, आणि वेग व ओढ यांची वाटणी तिथेच होते.

ट्रॅक्टरमध्ये दोन्ही तत्त्वे एकत्र आलेली दिसतात. 13.6-28 मापाच्या मागील टायरचा बाहेरचा व्यास सुमारे 1.3 मीटर असतो, म्हणजे एका फेऱ्यात ट्रॅक्टर सुमारे चार मीटर पुढे जातो, आणि तेवढ्या वेळात पुढच्या लहान चाकाचे पावणेदोन फेरे होतात. मागचे चाक मिनिटाला 25 वेळा फिरले तर हिशेबाने वेग ताशी सहा किलोमीटर येतो. पण ओल्या काळ्या रानात चाक 20 टक्के घसरले, तर प्रत्यक्ष वेग पाच किलोमीटरच्याही खाली उतरतो. 14.9-28 हे मोठे टायर चढवल्यास व्यास सुमारे पाच टक्क्यांनी वाढतो, त्याच गिअरमध्ये वेगही तितकाच वाढतो, आणि हळदीची पोती भरलेली ट्रॉली ओढण्याची ताकद तितकीच घटते.

दुचाकींबाबतही हेच लागू पडते. ताशी 50 किलोमीटरच्या वेगात 18 इंची रिमच्या मोटारसायकलचे चाक मिनिटाला सुमारे 440 फेरे घेते, तर 10 इंची रिमच्या स्कूटरचे सुमारे 610. वेग दोघींचा सारखाच, खड्डा मात्र स्कूटरला जास्त जाणवतो.

आणखी एक गोष्ट वाहनधारकांनी ध्यानात ठेवावी. वेगमापक चाकाचे किंवा त्याला जोडलेल्या गिअरचे फेरे मोजतो, अंतर मोजत नाही. म्हणून ज्या चाकावरून हे फेरे मोजले जातात, ते पाच टक्के मोठे बसवले तर काटा 50 दाखवत असताना मूळच्या हिशेबापेक्षा प्रत्यक्ष वेग अडीच किलोमीटरने जास्त असतो. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये पुढची आणि मागची चाके गिअरने ठरावीक प्रमाणात बांधलेली असतात, आणि एकाच जोडीचे माप बदलल्यास दोन्ही जोड्या एकमेकींना ओढू लागून टायर व गिअर दोन्ही झिजतात. टायर बदलताना जुन्या टायरच्या कडेवर छापलेले माप उत्पादकाच्या पुस्तिकेशी ताडून पाहावे आणि त्याच मापाचे टायर घ्यावे.