रंगाखालचा गंज

जुनी जीप घ्यायची आणि घरच्या घरी नव्यासारखी करायची, हे स्वप्न कॉलेजच्या प्रत्येक ग्रुपमध्ये एकाला तरी पडलेलं असतं. रीलमध्ये तीस सेकंदांत भंगारातली गाडी चकाचक होते. मागे जोरदार गाणं असतंच. आम्हाला त्याच कामाला दिवाळीची सुट्टी, त्यानंतरचे बहुतेक रविवार आणि अख्खा मे महिना लागला. गाणं नव्हतं. ग्राइंडरचा आवाज होता आणि ‘जेवायला या की रे’ म्हणून आजीच्या हाका होत्या.

गाव घाटघर, तालुका जुन्नर. मॅपवर नुसतं ‘घाटघर’ टाकलंत तर भंडारदऱ्याजवळचं, अकोले तालुक्यातलं घाटघरही समोर येतं. आमचं घाटघर जीवधनच्या पायथ्याचं. जुन्नरहून आपटाळे, चावंड करत रस्ता वर येतो आणि पुढे नाणेघाटाकडे जातो. तुमच्यापैकी बरेच जण पावसाळ्यात इथूनच पुढे गेले असाल. तुम्ही एक दिवस भिजून परत जाता. इथं मात्र जूनमध्ये आलेला पाऊस सप्टेंबरपर्यंत मुक्कामाला असतो. पाऊस थांबला तरी धुकं असतं. भातासाठी हे चांगलं, पत्र्यासाठी वाईट.

जीप आजोबांची. महिंद्रा एमएम ५४०, सेकंडहँड घेतलेली. भाताची पोती, हिरड्याची पोती, लग्नाचं सामान, आजारी माणूस, सगळं तिनं वाहिलं. आई बाळंतपणाला माहेरी आली होती, तेव्हा जुलैतल्या एका रात्री तिला जुन्नरच्या दवाखान्यात नेलं ते याच जीपनं. त्या रात्री जे बाळ झालं, ते आता हा लेख लिहितंय. त्यामुळे मागच्या वर्षी मामा म्हणाले, ‘आता भंगारात देऊन टाकू,’ तेव्हा मला वाईट वाटणारच होतं.

आधी कागद, मग पाना

पहिला धडा गॅरेजमधला नाही, फाइलमधला. जुन्या गाडीच्या प्रेमात पडण्याआधी तिचं आरसी बुक बघा. आरसीवरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतो का, ते स्वतः वाचून बघा. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते. नंतर आरटीओत तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. ते बरीच वर्षं राहिलेलं असेल, तर त्याचा दंड आणि पर्यावरण कर धरूनच गाडीची किंमत ठरवा. गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते. नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पण मग ती रोज रस्त्यावर फिरवता येत नाही. आणखी एक. इंजिन बदलणं, चॅसी कापणं, बॉडी वाढवणं हे मनाला येईल तसं करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे.

आमचे कागद नीट होते. आजोबांनी पावत्यासुद्धा जपून ठेवल्या होत्या.

जीपच का?

कारण जीप ही मुळात मैदानात दुरुस्त करता यावी म्हणूनच बनलेली गाडी आहे. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. आपल्याकडे महिंद्रानं १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढच्या एमएम ५४० मध्ये २,११२ सीसीचं प्यूजोच्या तंत्राचं डिझेल इंजिन आलं, पण सांगाडा त्याच घराण्यातला राहिला. खाली शिडीसारखी चॅसी, तिला पाटे, आणि वर बोल्टांनी बसवलेली पत्र्याची बॉडी. आजच्या बहुतेक कारमध्ये बॉडी आणि चॅसी एकच असते. जीपची बॉडी मात्र बोल्ट काढून चार-सहा माणसांनी उचलून बाजूला ठेवता येते. आम्ही तेच केलं. शेजारची पोरं आली, आजीनं चहा केला, आणि अर्ध्या तासात जीपचे दोन भाग अंगणात होते.

त्याआधी प्रत्येक नट काढताना मोबाइलवर फोटो काढा. नट-बोल्ट छोट्या पिशव्यांत भरा आणि पिशवीवर मार्करनं लिहा: ‘डावं फेंडर, पुढचे ४.’ हे कंटाळवाणं वाटतं. सहा महिन्यांनी मूठभर बोल्ट उरतात आणि जागा आठवत नाहीत, तेव्हा त्याची किंमत कळते. बॅटरी आधी सोडवा. डिझेलची टाकी काढून लांब ठेवा, कारण पुढे ठिणग्या उडणार आहेत.

हातोडी खोटं बोलत नाही

आता गंज. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज तयार होतो, हे सातवीत शिकलो. तिथं न शिकलेली गोष्ट अशी, की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून रंगाखाली तो फुगतो आणि वर फोड दिसतो. गंजाचा थर सच्छिद्र असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि आतलं लोखंड खातच राहतो. वरून फोड रुपयाएवढा दिसला, तर आत तळहाताएवढा भाग गेलेला असू शकतो.

शोधायची पद्धत सोपी आहे. लहान हातोडीनं पत्र्यावर हलकेच ठोकत जायचं. चांगला पत्रा ‘ठण्ण’ वाजतो. सडलेला ‘थप्प’ असा बसका आवाज देतो. तिथं स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबायचं. आत गेलं, तर तो पत्रा संपला. जिथं चिखल साचतो तिथं आधी बघा: पायाखालची फरशी, तिच्या खालच्या पट्ट्या, मागचे कोपरे, बॅटरीची बैठक, काचेच्या चौकटीचा खालचा भाग. आमच्या जीपच्या फरशीवर वर्षानुवर्षं गोणपाट अंथरलेलं होतं. पाय ओले होऊ नयेत म्हणून. ते गोणपाट पाणी पिऊन बसायचं आणि खाली पत्रा सडायचा.

फरशी गेलेली असणार, हे माहीत होतं. चॅसी चांगली दिसत होती. काळा कुळकुळीत रंग. मामा सहज हातोडी मारत मागे गेले आणि थांबले. मागचा पाटा जिथं चॅसीला धरतो, त्या ब्रॅकेटजवळ आवाज बसका आला. रंग खरवडला तर खाली लांबी निघाली. म्हणजे पुट्टी! आधी कधीतरी, कुठल्यातरी गॅरेजात, कुणीतरी गंजलेल्या चॅसीत लांबी भरून वरून काळा रंग मारला होता. लांबी काढली तर बोट आत गेलं.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आरं, गेल्या पावसाळ्यात आपण सहा जण बसून घाट उतरलो हिच्यात.’

गिऱ्हाईक

त्याच आठवड्यात एक फोन आला. जीप विकायची आहे, हे आधी कुणाच्या तरी कानावर गेलं होतं. पुण्यात शिकणारा मुलगा, माझ्याच वयाचा. त्याला ‘जुना लुक’ हवा होता. भंगारवाल्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे द्यायला तयार होता. म्हणाला, ‘फक्त नीट रंग मारून द्या, बाकी मी बघतो.’

घरात त्या रात्री वाद झाला. पैशांची गरज नव्हती असं नाही, मामेबहिणीची फी भरायची होती. नात्यातला एक जण म्हणाला, ‘लांबी भरा, रंग मारा, द्या. त्याला काय कळतंय?’ खरंच, त्याला कळलं नसतं. आपल्यालाही कळलं नव्हतंच की! मामा म्हणाले, ‘त्याच्याबी आईनं त्याला वाढवलंय.’ एवढंच.

मी त्याला फोन केला आणि ब्रॅकेटचे फोटो पाठवले. तो नाही म्हणाला. थँक्यूही म्हणाला. मग जीप ठेवायचीच, आणि नीट करायची, असं ठरलं. रंगाचं बजेट बाजूला ठेवून आधी चॅसी आणि ब्रेक, मग बॉडी, उरले तर रंग, असा क्रम मामांनी वहीत लिहिला.

कापायचं म्हणजे कापायचंच

सडलेल्या पत्र्यावर इलाज एकच. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचं. आपण कापताना लोभ करतो, ‘एवढं राहू दे’ म्हणतो. राहू दिलेलं दोन पावसाळ्यांत परत येतं. कापलेल्या जागेवर पुठ्ठा धरून आकार काढायचा, तो पत्र्यावर उतरवायचा. फरशीला आम्ही १६ गेजचा पत्रा घेतला, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर.

वेल्डिंग आम्ही केलं नाही. जुन्नरहून एक वेल्डरकाका दोन दिवस मशीन घेऊन आले. पातळ पत्र्यावर साध्या आर्क वेल्डिंगनं भोकं पडतात, मिग मशीन लागतं. त्यातही सलग रेघ ओढायची नाही. एक टाका इथं, दुसरा समोरच्या टोकाला, मध्ये थंड होऊ द्यायचं. नाहीतर उष्णतेनं पत्रा पापडासारखा वाकतो. चॅसीचा सडलेला भाग कापून तिथं जाड प्लेट बसवली आणि नवीन ब्रॅकेट लावला. ‘घरी करणं’ म्हणजे सगळं स्वतः करणं नाही, हे इथं शिकलो. चॅसी, ब्रेक आणि स्टिअरिंग या तीन गोष्टी यूट्यूब बघून करायच्या नाहीत. खोलणं, घासणं, मापं, प्रायमर, रंग हे आपलं. ब्रेकचे गंजलेले पाइप आणि जुनं ब्रेक ऑइल मेकॅनिककडून बदलून घेतलं.

सुरक्षेचं एकदाच सांगतो. ग्राइंडर चालवताना गॉगल पाहिजेच. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासताना मास्क लावा. गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर भरवसा नको, स्टँड लावा. झिंकचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करताना निघणारा धूर ताप आणतो, आधी मुलामा घासून काढा.

आजीचा हिरडा

लहान भाग, म्हणजे बिजागऱ्या, हुक, क्लिपा यांच्यासाठी आम्ही बारावीचं केमिस्ट्री वापरलं. प्लास्टिकच्या पिंपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा. गंजलेला भाग चार्जरच्या निगेटिव्ह टोकाला, भंगार लोखंडाची पट्टी पॉझिटिव्हला. काही तासांत गंज सुटतो, चांगलं लोखंड शाबूत राहतं. यात हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावर करा आणि जवळ विडी-काडी नको. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील कधीच लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं.

मोठ्या पत्र्यावर घासूनही बारीक खड्ड्यांत थोडा गंज राहतोच. त्यासाठी दुकानात रस्ट कन्व्हर्टर मिळतं. मी बाटलीवर वाचत होतो: फॉस्फोरिक अॅसिड, टॅनिक अॅसिड. आजीनं विचारलं, ‘हे टॅनिक काय असतं?’ मी म्हटलं, ‘हिरड्यात असतं ते. तुरटपणा.’ आजी हसायलाच लागली. तिचं आयुष्य उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करण्यात गेलं. हिरडा लोखंडी विळ्यानं कापला की विळा काळा पडतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पूर्वी हिरडा आणि हिराकस मिळून काळी शाई करायचे, तीही याच रसायनाची. टॅनिन लोखंडाशी संयोग पावतं आणि निळसर काळा, पाण्यात न विरघळणारा थर तयार होतो.

मग काय, आजीनं हिरडे ठेचून काढा उकळला आणि आम्ही तो एका गंजलेल्या बिजागरीवर लावला. सकाळपर्यंत तांबूस गंज काळा पडला होता. चॅसीला आम्ही बाटलीतलंच वापरलं, कारण तिथं प्रयोग नको. पण ती एक बिजागरी मागच्या फळीला हिरड्यावरच आहे. बघू किती पावसाळे काढते.

शेवटचा नियम घाटघरच्या हवेचा. उघडं केलेलं लोखंड रात्रभर तसंच ठेवू नका. सकाळच्या धुक्यात त्यावर पुन्हा तांबूस पावडर येते. जेवढं घासाल तेवढं त्याच दिवशी प्रायमरखाली घ्या. सांध्यांत सीलर भरा, पोकळ भागांत मेणाचा स्प्रे मारा. आणि फरशीला पाणी निघून जायची भोकं असतात, ती बुजवू नका. पाणी येणारच. त्याला जायला वाट पाहिजे.

जूनच्या आधी

मेच्या शेवटच्या आठवड्यात जीप उभी राहिली. सगळ्यात मोठा खर्च रंगाचा नव्हता, टायर आणि ब्रेकचा होता. रंग ब्रशनं मारलाय, जवळून पाहिलं तर रेघा दिसतात. रीलमध्ये लाइक मिळतील अशी ती दिसत नाही. गोणपाट मात्र आता नाही, रबरी मॅट आहे, आणि पावसातून आलं की ती काढून वाळत घालायची, हा घरचा कायदा झालाय.

चॅसीच्या त्या जागी मामांनी लांबी भरू दिली नाही. वेल्डिंगचे टाके प्रायमर आणि रंगाखालूनही दिसतात. मी म्हटलं, ‘घासून सपाट करू, छान दिसेल.’ ते म्हणाले, ‘राहू दे. उद्या कुणी घेतली तर त्याला दिसलं पाहिजे, इथं काम झालंय.’

पहिल्या पावसात आम्ही जुन्नरला जाऊन आलो. मागे आजी बसली होती. वाटेत मामा दोनदा थांबले, खाली वाकले आणि हातोडीनं ठोकून बघितलं. दोन्ही वेळा ‘ठण्ण’ वाजलं.