कर्नलमधली असेंब्ली: दोष कंपायलरचा की आपला?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्यासारख्या कारखान्यांत यंत्रांना जोडलेल्या छोट्या बोर्डांवर अनेकदा एआरएम प्रोसेसर आणि लिनक्स असतं. बोर्डाबरोबर आलेला जुना ड्रायव्हर नव्या कंपायलरने बांधायला घेतला की कधी बिल्ड अडतो. कधी त्याहून वाईट होतं: बिल्ड निघतो आणि यंत्र मध्येच हँग होतं. मग ठरलेला निकाल लागतो, "नवा कंपायलर बिघडलाय, जुनाच ठेवा."

बहुतेक वेळा हा निकाल चुकीचा असतो. इनलाइन असेंब्ली म्हणजे सी भाषेच्या कोडमध्येच लिहिलेल्या प्रोसेसरच्या सूचना. लिनक्सवर सर्रास वापरला जाणारा जीसीसी कंपायलर त्यांचा अर्थ लावत बसत नाही, मजकूर तसाच असेंब्लरकडे सोपवतो. आत कोणती मूल्यं जातात, कोणती बाहेर येतात, कोणती रजिस्टर बदलतात, हे त्याला सोबतच्या यादीवरूनच कळतं. बदलणाऱ्या रजिस्टरांना 'क्लॉबर' म्हणतात. एखादं नाव यादीतून राहिलं आणि जुन्या कंपायलरने ते रजिस्टर तिथे वापरलंच नाही, तर कोड वर्षानुवर्षं चालतो. नव्या आवृत्तीने रजिस्टरांची वाटणी बदलली की झाकलेली चूक उघडी पडते. लिनक्स 2.0 च्या काळातही काहीसं असंच झालं. आत जाणारं रजिस्टरच क्लॉबरमध्येही लिहिलेलं असे. जुन्या जीसीसीने हे खपवून घेतलं, जीसीसीतूनच निघालेल्या नव्या ईजीसीएस कंपायलरने नाही.

'व्होलाटाइल लिहिलं की झालं' हा दुसरा लाडका समज. व्होलाटाइलमुळे कंपायलर ती असेंब्ली अनावश्यक समजून काढून टाकत नाही, एवढंच. आसपासची मेमरीची वाचनं-लेखनं तिच्या अलीकडे-पलीकडे सरकू नयेत म्हणून क्लॉबरमध्ये 'मेमरी' लिहावं लागतं. त्यानेही फक्त कंपायलर आवरतो. एआरएम प्रोसेसर स्वतःच क्रम बदलू शकतो, त्याला रोखायला 'डीएमबी'सारखी सूचना लागते.

'जीसीसीवर चालतं ते क्लँग या दुसऱ्या कंपायलरवरही चालणारच' हे अर्धसत्य आहे. असेंब्लीतून थेट सी कोडमधल्या लेबलवर उडी मारू देणारी 'एएसएम गोटो' सोय जीसीसी 4.5 मध्ये, 2010 साली आली. 2018 मध्ये एक्स86 कर्नलने ती सक्तीची केली, तेव्हा क्लँगकडे ती नव्हतीच. ती क्लँग 9 बरोबर 2019 मध्ये आली. गंमत अशी, की गूगलचा पिक्सेल 2 हा फोन 2017 मध्येच क्लँगने बांधलेला एआरएम कर्नल घेऊन बाजारात आला होता. तेव्हा 'क्लँगवर चालतं का?' एवढं विचारून भागत नाही. कोणत्या प्रोसेसरवर आणि कोणत्या आवृत्तीवर, हेही विचारावं लागतं.

कंपायलर नेहमीच निर्दोष असतो, असंही नाही. 2013 मध्ये जीसीसी चुकीचा कोड काढत असल्याचं सापडलं, तेव्हा कर्नलने प्रत्येक 'एएसएम गोटो'मागे एक रिकामी असेंब्ली ओळ ठेवून काम भागवलं. 2024 मध्ये याच सोयीच्या नव्या रूपात पुन्हा दोष निघाले.

कंपायलरचं अंतरंग समजून घ्यायचं असेल, तर मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने चाललेल्या जीसीसी रिसोर्स सेंटरचं काम जरूर पाहा. रोजच्या कामात मात्र आधी क्लॉबरची यादी तपासा, स्वतःची असेंब्ली लिहिण्यापूर्वी कर्नलमध्ये तयार फंक्शन आहे का बघा, आणि असेंब्ली लांबत असेल तर ती वेगळ्या फाइलमध्ये हलवा.