आधी लगाम, मग टाच : स्पोर्ट क्वाडमधील पहिले फेरफार

नवी गाडी दारात उभी राहिली, की पहिल्याच आठवड्यात तिचा सायलेन्सर बदलून घेण्याची हुक्की तरुणांना येते. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, असा एक गोड समज त्यामागे असतो. आपल्याकडे मोटरसायकलींच्या बाबतीत हे नेहमी दिसते. अमेरिकेत ‘स्पोर्ट क्वाड’ या चारचाकी गाडीच्या बाबतीतही तेच घडते. फरक इतकाच, की मोठ्या स्पोर्ट क्वाडचे वजन इंधनासह पावणेदोनशे ते दोनशे किलोच्या घरात असते आणि ती उलटली तर स्वाराच्या अंगावर येऊ शकते. त्यामुळे या गाडीवर पहिला पैसा कोठे खर्च करावा, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना चक्कर मारून आणणाऱ्या चारचाकी गाड्या अनेकांनी पाहिल्या असतील. स्पोर्ट क्वाड हे त्यांचेच भावंड. पण त्याचा पिंड शर्यतीचा. सुझुकीने १९८५ मध्ये एलटी २५० आर बाजारात आणली, पाठोपाठ १९८६ मध्ये होंडाची टीआरएक्स २५० आर आणि १९८७ मध्ये यामाहाची बॅन्शी आली, आणि या खेळाने मूळ धरले. होंडा, सुझुकी व कावासाकी यांच्या ४५० सीसीच्या क्वाड आता नव्याने तयार होत नाहीत. त्या जुन्या बाजारातच मिळतात. यामाहाच्या दोन गाड्या मात्र या खेळाची ओळख बनल्या आहेत. एक, २००९ साली आलेली ४४९ सीसीची वायएफझेड ४५० आर आणि दुसरी, २००६ पासूनची ६८६ सीसीची रॅप्टर ७००. डाकार रॅलीत २००९ ते २०२४ या काळात क्वाडचा स्वतंत्र गट होता आणि त्यावर रॅप्टर ७००ची मोठी छाप होती. अर्जेंटिनाच्या मार्कोस आणि अलेहांद्रो पॅट्रोनेली या बंधूंनी २०१० ते २०१३ अशी सलग चार वर्षे या गटाचे विजेतेपद घरातच ठेवले होते.

गाडीची प्रकृती

फेरफार करण्यापूर्वी गाडीची प्रकृती समजून घेतली पाहिजे. मोटारीच्या मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असते. त्यामुळे वळणावर बाहेरचे चाक अधिक आणि आतले कमी फिरते. स्पोर्ट क्वाडमध्ये मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर बसवलेली असतात आणि त्यांना सारख्याच गतीने फिरावे लागते. मातीवर आतले चाक घसरते आणि गाडी वळते. डांबरी रस्त्यावर ते सहजासहजी घसरत नाही; गाडी सरळ जाऊ पाहते किंवा अचानक कलंडते. क्वाड पक्क्या रस्त्यावर नेऊ नये, असे सांगतात त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वाराचे वजन. दोनशे किलोच्या गाडीवर सत्तर-ऐंशी किलोचा माणूस म्हणजे एकूण भाराचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक. तो आसनावर कसा सरकतो, वळणात कोणत्या बाजूला झुकतो, यावर गाडीचा तोल अवलंबून असतो. म्हणूनच एकट्या स्वारासाठी बनवलेल्या या गाडीवर मागे कोणाला बसवू नये.

धाव कोठे, हे आधी ठरवा

सर्व ठिकाणी सारखाच उपयोगी पडेल असा फेरफार नसतो. मोटोक्रॉसच्या आखीव मैदानावर उंच उड्या आणि तीव्र वळणे असतात; तेथे गाडी रुंद आणि बुटकी हवी. जंगलातील शर्यतींत झाडांच्या दोन खोडांमधून वाट काढायची असते. तेथे हीच रुंदी गळफास ठरते. अमेरिकेतील ‘जीएनसीसी’ या प्रसिद्ध शर्यतमालेत वरच्या गटाचे क्वाडस्वार सुमारे दोन तास अशा वाटा तुडवतात. वाळूच्या टेकड्यांचा प्रकार आणखी निराळा. दक्षिण कॅलिफोर्नियातील इम्पिरियल सँड ड्यून्ससारख्या ठिकाणी मागच्या टायरवर रबरी वल्ही असलेले ‘पॅडल टायर’ लागतात आणि टेकडीपलीकडच्या स्वाराला आपण दिसावे म्हणून जमिनीपासून आठ फूट उंचीवर निशाण लावणे बंधनकारक असते. आपण नव्वद टक्के वेळ कोठे गाडी चालवणार, याचे उत्तर प्रामाणिकपणे दिल्याशिवाय कोणताही सुटा भाग विकत घेऊ नये.

पहिला खर्च जिवासाठी

हेल्मेट, गॉगल, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, हातमोजे आणि छातीचे कवच हा या यादीतला पहिला खर्च. त्यानंतर गाडीवरच्या तीन वस्तू येतात. पहिली, मनगटाला दोरीने जोडलेला इंजिन बंद करण्याचा स्विच. स्वार फेकला गेला की दोरी सुटते आणि इंजिन तत्क्षणी थांबते. अन्यथा अडकलेल्या थ्रॉटलसह गाडी पुढे धावत राहू शकते. दुसरी वस्तू म्हणजे ‘नर्फ बार’. पुढच्या व मागच्या चाकांमधली मोकळी जागा भरून काढणारी ही नळ्यांची चौकट आणि तिच्यावर ताणलेली जाळी. पायदानावरून पाय घसरला तर तो जमिनीवर टेकतो आणि मागचे चाक त्यावर चढते. जाळी हे टाळते. शर्यतीत दोन गाड्यांची चाके एकमेकांत अडकण्याचा धोकाही तिने कमी होतो. तिसरी वस्तू, पोटाखालची संरक्षक पट्टी. दगडधोंड्यांच्या वाटेवर इंजिनाचे आवरण आणि मागची ब्रेक-डिस्क तिच्यामुळे वाचते.

गाडी जुनी असेल तर याआधी आणखी एक पायरी आहे. चाकांचे बेअरिंग, स्टिअरिंगचे सांधे, ब्रेकचे पॅड, चेन आणि इंजिनातील व्हॉल्व्हमधले अंतर तपासून घ्यावे. झिजलेल्या सांध्यांच्या गाडीत ताकद वाढवणे म्हणजे आजारी घोड्याला टाच मारण्यासारखे आहे.

टायर आणि सस्पेन्शन

इंजिनाची सारी ताकद जमिनीपर्यंत पोहोचते ती टायरच्या चार ठशांतून. म्हणून वेगाच्या दृष्टीनेही पहिला खरा फेरफार टायरचाच. कडक जमिनीला बुटक्या, दाट खुरांचे टायर आणि चिखलाला उंच, विरळ खुरांचे टायर, हे साधे सूत्र. खडकाळ वाटेवर जाड बाजूभिंतीचे टायर घ्यावेत. क्वाडच्या टायरमधील हवा मोटारीच्या मानाने फारच कमी, साधारण चार ते सहा पीएसआय असते. एका पीएसआयचा फरकही पकड बदलतो. त्यामुळे कमी दाब अचूक दाखवणारा स्वस्तातला मापक हा सर्वांत किफायतशीर फेरफार म्हणावा लागेल. येथे एक हिशेब ध्यानात ठेवावा : मागे वीस इंची टायरऐवजी बावीस इंची लावले तर गाडी दहा टक्के उंच गिअरमध्ये गेल्यासारखी होते आणि तिची ओढ सुमारे नऊ टक्क्यांनी घटते.

सस्पेन्शनच्या बाबतीत नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर घेण्याआधी असलेले नीट जुळवून पाहावेत. कारखाना सरासरी वजनाचा स्वार डोळ्यांसमोर ठेवून स्प्रिंग बसवतो; तो स्वार आपणच असू असे नाही. पूर्ण पोशाखात गाडीवर बसल्यावर सस्पेन्शनने आपल्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश इतके खाली बसावे, हा प्रारंभीचा अंदाज. त्याहून फार खाली बसत असेल तर स्प्रिंगचा ताण वाढवावा. तेवढ्याने भागत नसेल तर अधिक कडक स्प्रिंग घ्यावी. मग दबण्याची आणि परत उसळण्याची गती ठरवणारे स्क्रू एका वेळी एक-दोन टिचक्या फिरवून, तीच वाट पुन्हा चालवून पाहावी. पूर्वीच्या जागा वहीत लिहून ठेवाव्यात. यात फक्त एक दुपार खर्ची पडते. परंतु खड्ड्यांच्या वाटेवर हात थकेनासे होतात आणि स्वार आपोआप वेगवान होतो.

रुंदीचा विचार त्यानंतर. मोटोक्रॉसमध्ये साधारण पन्नास इंच रुंदीची गाडी चालते. त्यासाठी पुढे लांब बाहू आणि मागे लांब आस बसवणे हा उत्तम, पण महागडा मार्ग. चाकामागे बसवायचे स्पेसर स्वस्त असतात. मात्र चाक बाहेर गेल्याने बेअरिंगवरचा ताण वाढतो, हे विसरू नये.

आता इंजिन

इतके झाल्यावरही गाडी कमी पडते असे वाटले, तर प्रथम चेनच्या दातेरी चक्रांकडे, म्हणजे स्प्रॉकेटकडे वळावे. पुढे चौदा व मागे अडतीस दात असतील, तर पुढचे तेरा दातांचे करताच मागच्या चाकावरची ओढ सुमारे पावणेआठ टक्क्यांनी वाढते आणि कमाल वेग सुमारे सात टक्क्यांनी घटतो. जंगलात किंवा आखूड मैदानावर कमाल वेग गाठण्याची संधीच नसते, तेव्हा हा सौदा फायद्याचा. इतक्या अल्प खर्चात इतका फरक इंजिनातील कोणताही भाग देत नाही.

हवा आत घेणे, इंधन पुरवणे आणि धूर बाहेर टाकणे ही तीन कामे एकाच साखळीच्या तीन कड्या आहेत. केवळ सायलेन्सर मोकळा केला आणि एअर फिल्टरच्या पेटीचे झाकण काढले, तर हवा वाढते. पण इंधन तेवढेच राहते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल लागते, आणि पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाला त्याहून श्रीमंत, साधारण साडेबारा-तेरास एक असे मिश्रण हवे असते. ते पातळ झाले की उष्णता वाढते. लक्ष दिले नाही तर पिस्टनवर बेतते. म्हणून कार्बोरेटरच्या गाडीत जेट आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत इंधनाचा नकाशा बदलणारे नियंत्रक यंत्र यांची तरतूद सायलेन्सरसोबतच करावी. नसता दोन्ही नको. पेटीचे झाकण काढल्याने धूळ व पाणीही फिल्टरपर्यंत अधिक पोहोचते. तेल न लावलेला फोमचा फिल्टर वाळूच्या प्रदेशात सिलिंडर अकाली झिजवतो.

आवाजाकडेही केवळ हौस म्हणून पाहता येत नाही. कॅलिफोर्नियात १९८६ पासून तयार झालेल्या अशा गाड्यांना ९६ डेसिबलची कायदेशीर मर्यादा आहे, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत ठिणगीरोधक जाळी नसलेला सायलेन्सर चालत नाही. एक ठिणगी सुकल्या रानाला पुरते. शिवाय गोंगाटाच्या तक्रारी वाढल्या, की मोकळ्या वाटा बंद करण्याची मागणी होते आणि त्याची किंमत सर्वच स्वारांना मोजावी लागते.

एका वेळी एकच

थोडक्यात क्रम असा : स्वाराचे संरक्षण, गाडीची दुरुस्ती, टायर, सस्पेन्शन, रुंदी, स्प्रॉकेट आणि सर्वांत शेवटी इंजिन. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिच्यासह काही दिवस गाडी चालवावी. अन्यथा सुधारणा कशाने झाली आणि बिघाड कशाने, हे कळत नाही. नवख्याने तर थ्रॉटलच्या पेटीवरचा, त्याची हालचाल मर्यादित करणारा छोटा स्क्रू आत घेऊन ताकद काही काळ कमीच ठेवावी. त्यात कमीपणा काही नाही. सोळा वर्षांखालील मुलांना प्रौढांच्या क्वाडवर बसवू नये, असे अमेरिकेचा ग्राहक सुरक्षा आयोग सांगतो, हेही घरातल्या मोठ्यांनी ध्यानात ठेवावे.

घोडा कितीही वेगवान असला, तरी जाणता स्वार आधी लगाम आणि खोगीर तपासतो, मग टाच मारतो. चार चाकांच्या या घोड्यालाही तोच न्याय लागू आहे. सायलेन्सर कोठे पळून जात नाही. तो पुढच्या हंगामातही घेता येतो.