दोन इंजिने घेतली, पण टाकी एकच!

साखरीनाटे, मिरकरवाडा किंवा हर्णे बंदरातला फायबर होडीवाला दुसऱ्या आउटबोर्ड इंजिनाची गोष्ट काढतो, तेव्हा त्याचे म्हणणे ठरलेले असते. एक बंद पडले तर दुसरे घरी आणील. म्हणणे खरे आहे, पण अर्धेच.

आमच्या एका नातेवाइकाने असेच दुसरे इंजिन घेतले. थोडी रक्कम आमचीही त्यात होती. एका संध्याकाळी परतताना खाडीच्या तोंडाशी, लाटा फुटतात नेमक्या त्याच जागी, दोन्ही इंजिने पाच मिनिटांच्या अंतराने गप्प झाली. पेट्रोलात पाणी होते, आणि दोघांना टाकी एकच होती. मागून येणाऱ्या होडीने दोर टाकला म्हणून माणसे वाचली. जाळे मात्र गेले. दुसऱ्या इंजिनाची किंमत मोजून झाली होती, पण वेगळ्या टाकीचा मामुली खर्च वाचवला होता!

तेव्हा पहिला हिशेब हा, की प्रत्येक इंजिनाला टाकी, नळी आणि पाणी वेगळे करणारी गाळणी स्वतंत्र हवी. सेल्फ असेल तर बॅटरीही वेगळी. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल विकले जाऊ लागले, तेव्हापासून तर हे फारच जरुरीचे झाले आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. पाणी जास्त झाले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिनाची नळी तळातूनच ओढते. गाळणीचा पेला रोज सकाळी पाहावा.

आता खरेदी. ४० हॉर्सपॉवरची दोन घ्यावीत की ८० चे एक? दोन घेतली तर किंमत, वजन आणि सर्व्हिस तिन्ही वाढतात, तेलही जास्त लागते. फोर-स्ट्रोक ४० चे एक इंजिन शंभर किलोच्या आसपास भरते. होडीची मागची फळी जुनी असेल तर आधी ती ठोकून पाहावी, आवाज बद्द आला तर आतले लाकूड कुजले समजावे. टू-स्ट्रोक हलके आणि उघडायला सोपे, पण पेट्रोल जास्त पिते. त्यात तेल मिसळण्याचे प्रमाण बहुधा पन्नासास एक, म्हणजे २० लिटरला ४०० मिलिलिटर. तरी कंपनीचे पुस्तक पाहूनच मिसळावे. दोन्ही इंजिने एकाच कंपनीची, एकाच ताकदीची घ्यावीत. प्लग, पंखा, इम्पेलर एकमेकांना चालतात. कपड्याच्या धंद्यातही एकाच ताग्याचा माल जोडीला लागतो, तसेच हे.

किनाऱ्याजवळ माणसे आणि बर्फ भरून एकाच इंजिनावर होडी चालवून पाहावी, दुसरे वर उचलून. वेग निम्म्याहूनही कमी होईल, त्याची फिकीर नको. ओहोटीच्या ओढीविरुद्ध ती पुढे सरकते का, एवढेच पाहायचे. सरकत नसेल तर दुसरे इंजिन दिखाव्याचे. एकावर येताना थ्रॉटल पूर्ण खोलू नये, सगळा भार त्याच्यावर पडतो.

देखभालीत खारे पाणी हा दुश्मन. घरी आल्यावर दोन्ही इंजिने दहा मिनिटे गोड्या पाण्यावर चालवावीत. बाजूने निघणारी पाण्याची धार बारीक झाली की इम्पेलर बदलावा, थांबली तर इंजिन तत्काळ बंद करावे. गिअरचे तेल शंभर तासांनी काढावे. दुधासारखे निघाले तर सील गेले, पाणी आत शिरले. जस्ताचे तुकडे अर्धे झिजले की बदलावेत, त्यांच्यावर रंग कधीच मारू नये. रंग लावला की ते काम करीत नाहीत आणि गंज इंजिनाच्या अंगाला लागतो.

एक गोष्ट मिस्त्रीला पसंत पडणार नाही. दोन्ही इंजिने एकाच दिवशी उघडू देऊ नयेत. एकाची सर्व्हिस करून दोन-चार फेऱ्या माराव्यात, मग दुसऱ्याची. चूक झालीच तर ती दोन्हींत एकदम व्हायला नको.

जून-जुलैच्या बंदीत इंजिने उतरवून उभी ठेवावीत आणि टाकीतले पेट्रोल काढून घ्यावे. दोन महिने पडून राहिलेले पेट्रोल ऑगस्टच्या पहिल्या फेरीला वापरू नये, मोटारसायकलवाल्याला देऊन टाकावे, आणि त्यालाही सांगूनच द्यावे.