प्रवाळाचं घर (भाग ६) : पाण्याची चाल निवडताना

मागच्या भागात आपण लाइव्ह रॉकची रचना पाहिली. खडकांच्या मधून आणि मागून पाणी जायला वाट ठेवा, असं तेव्हा म्हटलं होतं. त्या वाटेनं पाणी खेळवायचं कसं आणि त्यासाठी पंप कोणता घ्यायचा, हा आजचा विषय. रीफ टँक उभा करताना दिव्यांवर भरपूर विचार होतो, पण पंप मात्र खोक्यावरचा ‘लिटर प्रति तास’ हा आकडा वाचून घेतला जातो. प्रवाळाला कळतो तो त्याच्या अंगावरून जाणाऱ्या पाण्याचा वेग आणि बदलती दिशा. म्हणून निवड प्रवाळापासून सुरू करायची आणि पंपापाशी संपवायची.

प्रवाहाची गरज कशासाठी?

प्रवाळ एका जागी चिकटून राहणारा प्राणी आहे. त्याच्या अंगाला लागून पाण्याचा एक अतिशय पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. प्राणवायू, विरघळलेला कार्बन, पोषकद्रव्यं आणि टाकाऊ पदार्थ या साऱ्यांना तो थर ओलांडावा लागतो आणि तिथला प्रवास फार सावकाश होतो. बाहेरचा प्रवाह वाढला की हा थर पातळ होतो आणि देवाणघेवाण वेग घेते. वारा सुटला की दोरीवरचे कपडे लवकर वाळतात, त्यामागेही हेच कारण असतं.

दिवसा प्रवाळाच्या ऊतींमधलं सूक्ष्म शैवाल प्रकाशसंश्लेषण करतं, तेव्हा आत प्राणवायू साठत जातो. तो बाहेर पडला नाही तर ऊतींना अपाय होतो. रात्री उलट स्थिती. शैवालाचं काम थांबलेलं असतं, श्वसन मात्र चालू असतं आणि प्राणवायू बाहेरून यावा लागतो. १९९८ साली जपानमधल्या ओकिनावाच्या समुद्रात मोठ्या प्रमाणावर प्रवाळ-विरंजन झालं, म्हणजे ताणामुळे प्रवाळ पांढरं पडलं. नाकामुरा आणि व्हॅन वोसिक या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं, की गरम पाण्याचा ताण सोसण्यात जोरदार प्रवाहातल्या अक्रोपोरा प्रवाळाच्या वसाहती संथ पाण्यातल्या वसाहतींपेक्षा बऱ्याच सरस ठरल्या. पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात टँकचं तापमान चढतं तेव्हा हा धागा फार मोलाचा ठरतो.

दुसरं काम पृष्ठभागाचं. २६ अंश सेल्सिअसच्या समुद्री पाण्यात लिटरला जेमतेम साडेसहा-सात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तो हवेतून सतत यायला हवा, म्हणून पृष्ठभाग हलता हवा. तिसरं काम स्वच्छतेचं. प्रवाह पोचत नाही अशा कोपऱ्यात गाळ बसतो आणि तिथेच सायनोबॅक्टेरियाची लालसर साय धरते.

बुडबुड्यांपासून वेव्हमेकरपर्यंत

इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली ‘नैसर्गिक पद्धत’ जगापुढे मांडली. जिवंत खडक, समुद्राचं पाणी आणि ते हलवायला फक्त हवेचे बुडबुडे. नाजूक जिवांना ते पुरलं, पण लाटांच्या तडाख्यात वाढणाऱ्या प्रवाळांना पुरणारं नव्हतं. पुढे हवाईतल्या वायकीकी मत्स्यालयाचे ब्रूस कार्लसन यांनी वर ठेवलेल्या टाकीतलं पाणी सायफनच्या तत्त्वावर ठरावीक वेळानं एकदम खाली सोडणारी साधी रचना लोकप्रिय केली. टँकमध्ये खरी भरती-ओहोटीसारखी ये-जा दिसू लागली.

घरच्या टँकमध्ये तेव्हा पॉवरहेडच चालत. त्यांचं तोंड अरुंद, त्यामुळे पाणी बारीक, जोरकस धारेनं सुटतं. समोरच्या प्रवाळाला ती धार सोलून काढते आणि वीतभर बाजूला पाणी निपचित असतं. जर्मनीच्या टुन्झे कंपनीनं ‘स्ट्रीम’ पंप आणले आणि पंख्याच्या पात्यांनी रुंद, मऊ प्रवाह देण्याची पद्धत रुळली. कमी विजेत कितीतरी जास्त पाणी हलू लागलं. अमेरिकेतल्या इकोटेक मरीनच्या ‘व्हॉर्टेक’मध्ये मोटर काचेबाहेर आणि पाती आत, दोघांना जोडणारं फक्त चुंबक. त्यामुळे मोटरची उष्णता पाण्यात कमी जाते. आडव्या दंडगोलाचा ‘जायर’ पंप पाण्याचा पसरट पडदा सोडतो आणि सारं पाणी वर्तुळात फिरवतो.

कोणाला किती?

सार्कोफायटनसारखी लेदर कोरल आणि मशरूम यांना मध्यम, हेलकावे देणारा प्रवाह पुरतो. हॅमर, टॉर्च अशा मांसल एलपीएस (मोठ्या पॉलिपच्या) प्रवाळांचे हात झुलले पाहिजेत. ते सतत एकाच बाजूला दाबले जात असतील, तर मांस सांगाड्यावरून मागे सरकू लागतं. अक्रोपोरासारख्या फांद्यांच्या एसपीएस (लहान पॉलिपच्या) प्रवाळांना जोरदार आणि दिशा बदलणारा प्रवाह हवा, कारण दाट फांद्यांच्या आतल्या पाण्यालाही बदल मिळाला पाहिजे. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) कायद्यानुसार दगडी प्रवाळ समुद्रातून काढणं आणि विकणं गुन्हा आहे, हे पहिल्या भागात सविस्तर आलंच आहे. तो नियम इथेही पक्का ध्यानात ठेवावा.

हिशेब करून पाहू

चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टँक घेऊ. १२० × ६० × ६० सेंटिमीटर म्हणजे ४३२ लिटर. पाण्याची पातळी काठाखाली असते, शिवाय खडक-वाळू जागा घेतात, म्हणून प्रत्यक्षात पाणी ३५० लिटरच्या आसपास. छंदात रूढ झालेला ठोकताळा असा : सॉफ्ट कोरलसाठी तासाला १० ते २० पट, एसपीएससाठी ३० पट किंवा अधिक. म्हणजे सॉफ्ट कोरलसाठी ३,५०० ते ७,००० लिटर आणि एसपीएससाठी १०,५०० लिटरपासून पुढे.

हा आकडा फक्त सुरुवात आहे. कंपनी मोजते ती मोकळ्या पाण्यातली कमाल क्षमता. खडक मध्ये आला, पात्यांवर कोरलाइन शैवाल चढलं की ती घटते. संपातून, म्हणजे टँकखालच्या टाकीतून, पाणी वर आणणारा रिटर्न पंप या हिशेबात धरू नये. त्याचं काम पाणी संपात फिरवण्याचं आहे आणि उंचीमुळे त्याचा प्रवाह घटतो.

दहा हजार लिटरचा एकच पंप घेण्यापेक्षा सहा-सहा हजार लिटरचे दोन, समोरासमोरच्या बाजूंना लावलेले पंप मला कायम योग्य वाटतात. प्रवाह एकमेकांवर आदळतात, दिशा बदलते, डेड स्पॉट कमी राहतात. एक पंप बंद पडला तरी दुसरा टँक जिवंत ठेवतो. दोन्ही आलटून-पालटून चालवले, तर दर काही तासांनी सगळी वर्तुळाकार चाल उलटते आणि खडकामागचा गाळही उठतो.

प्रवाळाजवळचा वेग घरी मोजता येतो. काचेवर ३० सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करा, बारीक कणांचं चिमूटभर अन्न सोडा आणि कण एका खुणेपासून दुसरीपर्यंत जायला किती सेकंद लागतात ते पाहा. तीन सेकंद लागले तर वेग सेकंदाला दहा सेंटिमीटर. जिथे प्रवाळ लावायचं, तिथेच हे करायचं.

लाटेचा मोड, वीज आणि सुरक्षा

पंपाची धडधड टँकच्या नैसर्गिक आवर्तनाशी जुळली की सारं पाणी एका तालात डोलू लागतं. वरच्या टँकमध्ये पाण्याची खोली अर्धा मीटर धरली, तर ते आवर्तन सुमारे १.३ सेकंदांचं असतं. दृश्य सुरेख असतं, पण काचेच्या सांध्यांवर ताण येतो. कड्या नसलेल्या टँकमध्ये हा मोड जपून वापरावा.

आपल्याकडे डीसी पंप घेणं शहाणपणाचं. वेग कमी-जास्त करता येतो आणि भारनियमनात तो योग्य बॅटरीवर चालतो. वीज गेल्यावर टँकला सर्वांत आधी धोका असतो तो प्राणवायू कमी पडण्याचा, दिवे नसण्याचा नाही. काचेतून धरणाऱ्या चुंबकाची मर्यादा तुमच्या काचेच्या जाडीशी जुळते का, हे खरेदीपूर्वीच तपासावं. समुद्री फूल म्हणजे ॲनिमोन फिरतं, तेव्हा पंपाला जाळी हवीच. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे थेंब सॉकेटपर्यंत पोचत नाही, आणि लाइनवर गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी असावा. दोन-तीन महिन्यांनी पंप काढून पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवून धुवावा.

तेव्हा क्रम असा ठेवा : आधी ठेवायचे जीव, मग त्यांना हवा असलेला प्रवाह, मग टँकची लांबी आणि काचेची जाडी, आणि शेवटी पंप. सुरुवातीला ४०-५० टक्के वेगानं सुरू करा आणि आठवडाभर पॉलिप किती उघडतात ते पाहत हळूहळू वाढवा. प्रवाळ नीट फुललं आणि तळाला गाळ साठला नाही, की तुमची निवड बरोबर आली.

पुढच्या भागात : दिव्यांचा रंग, तीव्रता आणि प्रवाळाचं दिवसाचं वेळापत्रक.