मार्जिन आणि मार्कअप: होलसेलवाल्याचं वेगळं, बँकेचं वेगळं

धंदा टाकायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "मार्जिन किती सुटतं?" पण होलसेलवाला, बँकेतले साहेब आणि शेअर ब्रोकर मार्जिन म्हणतात तेव्हा तिघांच्या डोक्यात वेगवेगळी गोष्ट असते. आणि त्यात मार्कअपची भर पडली की हिशोब हमखास गडबडतो.

आधी दुकानाचं बघू. 400 रुपयांना आणलेला कुर्ता 500 ला विकला, नफा 100. हा नफा खरेदीवर मोजला तर 25 टक्के, तो मार्कअप. विक्रीवर मोजला तर 20 टक्के, ते मार्जिन. (जीएसटी दोन्हीकडून बाजूला ठेवूनच मोजायचं.) पैसे तेच आहेत, फक्त भागायचं कशाने ते बदललं.

तुम्ही म्हणाल, मग बिघडलं कुठे? बिघडतं दिवाळीच्या सेलला. "आपल्याला 25 टक्के सुटतात, 20 टक्के सूट दिली तरी 5 राहतील," असा हिशोब भरपूर जण करतात. पण सूट विक्रीच्या किमतीवर जाते ना! 500 वर 20 टक्के म्हणजे 100 गेले, हातात 400 आले. म्हणजे माल खरेदीच्या भावात गेला. भाडं, लाईट बिल, कामाच्या पोराचा पगार सगळं खिशातून. गर्दी जोरदार होते, गल्ला भरलेला दिसतो, म्हणून हे लवकर कळतसुद्धा नाही.

खरंच 25 टक्के मार्जिन हवं असेल तर खरेदीला 75 ने भागा आणि 100 ने गुणा. 400 चा कुर्ता साधारण 533 ला लावावा लागेल. सप्लायर "25 टक्के देतो" म्हणाला तर लगेच विचारा, "एमआरपीवर की खरेदीवर?" विचारायला लाजू नका, तोही रोज हेच करतो.

आता बँक. इथे मार्जिन म्हणजे नफा नव्हेच, तुमचा स्वतःचा वाटा. कॅश क्रेडिटला बँकेने मालावर 25 टक्के मार्जिन ठेवलं, तर पैसे चुकते केलेल्या 4 लाखांच्या मालावर 3 लाखच उचलता येतात. उरलेला एक लाख तुमचा.

पीएमईजीपीत तर अजून गंमत. तिथे 'मार्जिन मनी' म्हणजे चक्क सरकारी अनुदान! सर्वसाधारण गटाला ग्रामीण भागात प्रकल्प खर्चाच्या 25 टक्के, शहरात 15 टक्के. स्वतःचा वाटा 10 टक्के, तो वेगळा. म्हणजे गावात 10 लाखांचा प्रकल्प असेल तर आधी तुमचा एक लाख लागतो. अनुदानाचे अडीच लाख हातात येत नाहीत. ते बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून राहतात आणि अटी पाळल्या तर मग कर्जात वळते होतात. त्या पैशांतून माल भरू असं ठरवून बसाल तर अडकाल. (अर्ज करण्याआधी त्या वेळचे नियम मात्र बघून घ्या.)

शेअर बाजारात मार्जिन म्हणजे सौद्यासाठी ब्रोकरकडे ठेवायची अनामत, तिचाही नफ्याशी संबंध नाही.

मार्कअपही असाच फिरतो. पाकिस्तानात बँका कर्जावरच्या व्याजालाच मार्कअप म्हणतात. आणि वेबसाइट बनवणारा मार्कअप म्हणाला तर घाबरू नका, तो भाव वाढवत नाहीये. एचटीएमएलमधला 'एम' म्हणजे मार्कअप, मजकुरात हेडिंग कुठलं, परिच्छेद कुठला हे दाखवणाऱ्या खुणा. त्याचं बिल तो वेगळं देईलच.