ओटा फोडण्याआधी

स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं की घरात पहिली चर्चा रंगते ती शटरच्या रंगाची. शटर पाच वर्षांनीही बदलता येतं. टाइलमागे गेलेला पाइप, भिंतीतली वायर आणि ओट्याची उंची मात्र पुन्हा तोडफोड केल्याशिवाय बदलत नाही. पैसे मोजके असतील तर ते आधी या न दिसणाऱ्या कामांवर घालावेत, असं माझं ठाम मत आहे. नेमक्या इथेच काही पक्क्या समजुती आड येतात.

पहिली समजूत, जागा लहान आहे, भिंत पाडल्याशिवाय काही होणार नाही. जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या गृहवसाहतींसाठी १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी जे स्वयंपाकघर आखलं, ते जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे ७० चौरस फुटांचं होतं. आपल्याकडच्या राष्ट्रीय इमारत संहितेतही जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघराला किमान ५ चौरस मीटर धरले आहेत. अडचण बहुतेक वेळा मांडणीची असते. सिंक आणि शेगडी यांच्यामध्ये दोन-अडीच फूट ओटा मोकळा हवा, कारण चिरणं, मळणं, ताटं वाढणं सगळं तिथेच होतं. हा पट्टा मिक्सर, फिल्टर आणि तेलाच्या बरण्यांनी अडवला की स्वयंपाकघर कितीही मोठं असो, अपुरंच वाटतं. भिंतीवर एक फळी मारून या वस्तू वर गेल्या तर भिंत पाडायचा खर्च वाचतो. शिवाय जुन्या इमारतींत भिंतच स्लॅबचा भार पेलत असते. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय आणि सोसायटीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय तिला हात लावू नये.

सिंक कुठेही हलवता येतं, हाही असाच समज. सांडपाण्याच्या पाइपला साधारण ४० इंचांमागे एक इंच उतार लागतो. सिंक शाफ्टपासून १० फूट लांब नेलं तर पाइपचं एक टोक तीन इंच वर राहणार. तो लपवायचा म्हणजे जमीन उंच करा किंवा ओट्याखालची जागा सोडा. उतार चोरला तर नाली सतत तुंबते. म्हणून कमी बजेटमध्ये सिंक शक्यतो जुन्या जागीच ठेवावं. जुना जीआय पाइप गंजला असेल तर तो मात्र याच वेळी बदलून घ्यावा.

ओट्याच्या उंचीबद्दल फारसं कोणी विचारतच नाही. ‘स्टँडर्ड ३४ इंच’ म्हणत मिस्त्री कडप्पा उभा करतो. भारतीय स्त्रीची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे. ओट्यावर शेगडी चार-पाच इंच वर येते, तिच्यावर कढई किंवा कुकर, म्हणजे ढवळताना खांदा उचललेलाच राहतो. पोळपाटही ओट्यावर दीड-दोन इंच उंचीच घालतो. माप घ्यायची पद्धत सोपी आहे. रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाने घरात वापरतो त्या चपला घालून उभं राहावं, कोपर काटकोनात वाकवावं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजावं. त्यातून चार ते सहा इंच वजा केले की ओट्याची उंची मिळते. माप ३८ इंच आलं तर ओटा ३२ ते ३४ इंचांच्या दरम्यान बसतो, आणि पोळ्या लाटण्याचं काम जास्त असेल तर खालचा आकडा धरावा. नव्या टाइल्सची जाडी हिशेबात घ्यायला विसरू नये. या मापाला एक पैसा लागत नाही आणि पुढची वीस वर्षं पाठ-खांदे वाचतात.

सामानाच्या बाबतीत ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबू नये. एमआर ग्रेडचं प्लाय दमटपणा सोसतं, साचलेलं पाणी नाही. सिंकखाली आयएस ७१० चं मरीन प्लाय घ्यावं आणि कापलेल्या कडा नीट सील करून घ्याव्यात, कारण पाणी कडेतूनच शिरतं. बाकी कपाटांना तेच प्लाय लावण्याची गरज नाही. शीटवरच्या आयएसआय मार्कखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. कडप्पा स्वस्त आणि टिकाऊ, पण तो चुनखडीचा दगड आहे. लिंबू, चिंच, कोकम सांडून राहिलं की डाग धरतो. म्हणून उभ्या आधारांना कडप्पा, वर ग्रॅनाइट, ही जुनी जोडी अजूनही योग्य आहे.

स्टीलच्या ट्रॉल्या घेताना लोक खिशात चुंबक घेऊन जातात. चुंबक चिकटलं नाही म्हणजे ३०४ ग्रेड, हा समज चुकीचा आहे. कमी निकेल असलेल्या २०२ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही, पण ओलाव्यात ते लवकर गंजतं. ग्रेड बिलावर लिहून घ्यावी.

गॅसबाबतचा गैरसमज मला सर्वांत जास्त खटकतो. सिलेंडर दिसू नये म्हणून तो बंद कपाटात कोंडला जातो. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळती झाली तर तो तळाशी साचतो, वरच्या खिडकीतून आपोआप निघून जात नाही. म्हणून त्या कपाटाला अगदी जमिनीलगत जाळी किंवा भोकं हवीतच. पाइपने येणारा नैसर्गिक वायू उलट हलका असतो, तिथे वरची हवेची वाट उघडी लागते. त्याची लाइन हलवायची तर गॅस कंपनीकडूनच, घरच्या प्लंबरकडून कधीच नाही.

चिमणी बसवली की एक्झॉस्ट नको, हेही अर्धसत्य आहे. बाहेर पाइप न काढलेली चिमणी हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडते. तेल अडकतं, उष्णता आणि वाफ तिथेच राहते. बजेट नसेल तर चांगला एक्झॉस्ट पंखा आणि समोरून हवा यायला वाट, एवढ्यावर फोडणीचा ठसका बाहेर जातो.

विजेचं काम तोडफोडीतच उरकावं. सहा अँपिअरचं सॉकेट जेमतेम १३८० वॅट पेलतं आणि इंडक्शन २००० वॅट मागतं. मल्टिप्लग लावून हे भागवू नका.

आता कोटेशन. रनिंग फुटाचा दर स्वस्त वाटतो, पण त्यात ड्रॉवर किती, चॅनेल कोणते, बिजागऱ्या कुठल्या, हे बहुधा नसतं. प्रत्येक ड्रॉवरला चॅनेलची जोडी लागते. वीस ड्रॉवर आणि साध्या शटरची कपाटं यांतल्या फरकाने बजेट कोलमडतं. दोन-तीन ड्रॉवर घ्या, बाकी फळ्या ठेवा आणि प्रत्येक बाब वेगळी लिहून मागा. सगळं एकदम करण्याचीही गरज नाही. यंदा पाइप, वायरिंग, ओटा. शटर दिवाळीनंतर लावली तरी स्वयंपाक अडत नाही, तोवर पडदा चालतो.

काम सुरू होवो न होवो, आज शेगडीमागची रबरी नळी बघा. सुरक्षा नळीची मुदत पाच वर्षांची असते आणि ती तिच्यावर छापलेली असते. मुदत उलटली असेल तर उद्याच एजन्सीतून नवी आणा. आणि गॅसगळतीसाठीचा १९०६ हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये घालून ठेवा.